वाहन धुतल्याबद्दल

पावती समोर आहे. 'वाहन धुतल्याबद्दल दंड रु. ५००.' माझ्याकडे चारचाकी नाही. दुचाकी आहे, तिला शेवटचं पाणी लागलं ते गेल्या गणपतीत, तेही पावसाचं.

झालं ते असं. मेव्हण्याने मांडव्याहून एक जुनी मोटरबोट घेतली, निम्मे पैसे माझे. "पुण्यात काय दुरुस्त होत नाही?" असं म्हणून त्याने ती ट्रेलरसकट सिंहगड रोडवरच्या आमच्या सोसायटीत पाहुण्यांच्या पार्किंगमध्ये आणून लावली आणि स्वतः बंगळूरला निघून गेला. सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन. चालू केलं की दहा मिनिटांनी डाव्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डखालून, म्हणजे सिलिंडरांमधला धूर गोळा करणाऱ्या लोखंडी नळाखालून, पाणी टपकायचं. थंड असताना थेंब नाही. तापलं की टप, टप.

या इंजिनाला रेडिएटर नाही. पंप समुद्राचं पाणी ओढतो, ते इंजिनातून, मग मॅनिफोल्डच्या दुहेरी भिंतींमधून फिरतं आणि वरच्या एल्बोत, म्हणजे वाकड्या नळीत, धुरात मिसळून मागून बाहेर फेकलं जातं. कोरडं चालवलं तर पंपातला रबरी पंखा, म्हणजे इम्पेलर, जळतो. सिंहगड रोडला समुद्र नसल्यामुळे मी दोनशे लिटरची दोन पिंपं भरून ठेवली. वार बुधवार. गुरुवारी पाणी बंद.

इंजिन सुरू झालं आणि दुसऱ्या मजल्यावरचे काका खाली आले. काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त. पानशेत फुटलं तेव्हा ते शाळेत होते, आणि तेव्हापासून जगातलं कुठलंही पाणी त्यांच्या परवानगीशिवाय वाहत नाही.

"गळतंय की पाझरतंय?"

"काका, टपकतंय."

"तसं नसतं. गळती वेगळी, पाझर वेगळा. धरण पाझरतंच. पाझर अचानक वाढला किंवा गढूळ झाला, की घाबरायचं. पानशेत मातीचं होतं. १२ जुलै १९६१. असाच बुधवार." हे म्हणताना त्यांनी इंजिनाकडे असं पाहिलं की मी नकळत मागे सरलो. मग मनगटावरचं घड्याळ काढून, ओठ हलवत थेंब मोजले. "मिनिटाला बावीस. स्वच्छ आहे. चालेल."

"चालेल कसं? हे पाणी आत शिरलं तर? एक्झॉस्ट व्हॉल्व्हमधून सिलिंडरमध्ये उतरतं. पाणी दाबलं जात नाही. स्टार्टर मारला की पिस्टनचा कनेक्टिंग रॉड वाकतो."

"उतरलंय का?"

नव्हतं. सकाळीच सहाही प्लग काढून पाहिले होते, एकावरही गंज नाही. डिपस्टिकवरचं ऑइलही दुधाळ झालेलं नव्हतं. हे मी जरा ऐटीत सांगितलं. काकांचं लक्ष मागच्या पाइपाकडे होतं. तिथून पाणी धो धो पडत होतं.

"आणि हे?"

"ते एक्झॉस्टचं. ते पडायचंच असतं."

"किती पडतं?"

"मिनिटाला वीसेक लिटर."

काका बराच वेळ गप्प राहिले. मग एखाद्या मंदबुद्धी कंत्राटदाराशी बोलावं तसं सावकाश म्हणाले, "म्हणजे मिनिटाला वीस लिटर वाया घालवणं हे या यंत्राचं कामच आहे. आणि तू बावीस थेंबांच्या मागे लागलायस."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही. रात्री आडवं झाल्यावर दोन-तीन सुचली, पण ती रात्रीचीच.

वरून बायकोने विचारलं, "चहा टाकू का?" काकांनीच "टाका" म्हणून सांगितलं.

खरी पंचाईत अशी होती की पाणी पडत होतं मॅनिफोल्डच्या मागच्या बोल्टवरून, आणि तो बोल्ट मी दोनदा आवळला होता. पाणी जिथे पडतं तिथून निघत नाही, एवढं मला कळत होतं; कुठून निघतं ते वाफेत दिसत नव्हतं. तेव्हा काकांनी तंबाखूची डबी काढली. तिच्या दुसऱ्या टोकाच्या चुन्यात बोट बुडवून ते म्हणाले, "भिंतीला ओल कुठून येते ते आम्ही असंच बघायचो." मला मेव्हण्याने आधीच चुना लावलेला होता, आता इंजिनाची पाळी. इंजिन बंद करून, फडक्याने कोरडं करून, काकांनी एल्बोपासून बोल्टपर्यंत पातळ चुना फासला. गरम लोखंडावर तो क्षणात पांढरा झाला. इंजिन पुन्हा सुरू केलं. पाचव्या मिनिटाला त्या पांढऱ्यावर एक काळी रेघ उतरली, थेट वरून, एल्बो आणि मॅनिफोल्डच्या जोडावरून. पॅकिंग गेलेलं. खाऱ्या पाण्याने तिथलं लोखंडही खाल्लेलं. मॅनिफोल्ड बिचारा निर्दोष होता.

पॅकिंग मिळवायला नाना पेठेत गेलो. चार दुकानांत "गाडी कुठली?" आणि चारही ठिकाणी "बोट" म्हटल्यावर पडलेली तीच शांतता. ते जाऊ दे.

परत आलो तर दाराच्या फटीत ही पावती. खाली सही काकांची. ते सोसायटीचे खजिनदार आहेत, हे मी चहा पाजताना विसरलो होतो. चुना त्यांचा, शोध त्यांचा, बिस्किटं माझी, दंड माझा.

पाचशे रुपयांचं एवढं नाही. पण आमची वरची टाकी रोज सकाळी पाऊण तास भरून वाहते, पाणी गच्चीवरून थेट माझ्या खिडकीवर येतं, भिंतीला बुरशी धरली आहे. तीन अर्ज दिले. पंप बंद करायचं काम कुणाचं यावर दोन बैठका झाल्या आणि दोन्हींत वडापाव छान होते. पावती एकदाही फाटली नाही. माझी मात्र तासाभरात.

आज सकाळी टाकी वाहायला लागल्यावर मी घड्याळ घेऊन खाली उभा राहिलो आणि मोठ्याने मोजायला लागलो. काका दात घासत बाल्कनीत आले. ब्रश बाजूला करून म्हणाले,

"मोजू नकोस. ती गळती नाही, सांडवा आहे."