पोल्का आहे, अभंग नाही

एमपी३ फाइलच्या शेपटाला पूर्वी १२८ बाइटांची चिठ्ठी डकवलेली असे. आयडी३ नावाची ही सोय १९९६ची. गाण्याचं नाव ३० बाइट, गायक ३०, अल्बम ३०, शेरा ३०, साल ४, सुरुवातीची खूण ३ आणि उरलेला एकुलता एक बाइट संगीतप्रकाराला. त्यात मावणार फक्त एक आकडा, म्हणून ८० प्रकारांची क्रमवार यादी ठरली. यादीत पोल्का हे युरोपातलं नाचाचं संगीत आहे, ॲसिड पंक आहे, ख्रिश्चन रॅप आहे, फार काय, 'प्रँक्स'ही आहे. अभंग, लावणी, नाट्यसंगीत यांचा पत्ता नाही. शून्य क्रमांक ब्लूजचा. त्यामुळे ज्या सॉफ्टवेअरने कंटाळून रकान्यात शून्य टाकलं, त्याच्या लेखी काकडआरती म्हणजे ब्लूज. (पहाटे साडेचारला उठायचं म्हणजे विषय दुःखाचाच म्हणा.)

विनॅम्प या संगणकावर गाणी वाजवायच्या सॉफ्टवेअरने ही यादी पुढे १९१ क्रमांकापर्यंत ताणली. १५१वर भांगडा चढला. आपण अजून वेटिंगवर.

मग आयडी३च्या दुसऱ्या आवृत्तीत प्रकार हाताने लिहायची मुभा मिळाली आणि खरा छळ सुरू झाला. 'भावगीत', 'भावगीते' आणि 'भावगीतं' हे प्लेअरच्या दृष्टीने तीन वेगळे संगीतप्रकार. व्याकरणाचा वाद आपण घालायचा आणि फोल्डरं त्याने वाढवायची.

उपप्रकार सगळेच फुकट, असं मात्र मी म्हणणार नाही. डीजेला ते लागतात. हाउस हा नाचाच्या इलेक्ट्रॉनिक संगीताचा प्रकार मिनिटाला १२० ते १३० ठोक्यांचा, त्याचाच भाऊबंद ड्रम अँड बेस १७४च्या आसपास. नेहमीच्या टर्नटेबलवर, म्हणजे तबकडी फिरवायच्या यंत्रावर, वेगाची पट्टी ८ टक्के सरकते; १२५चं गाणं रेटून १३५वर जाईल, १७४वर बापजन्मी जाणार नाही. सॉफ्टवेअर तर निम्मेच ठोके मोजून ड्रम अँड बेसला बेधडक ८७ लिहितं. तिथे नावच अब्रू राखतं. पण मेलॉडिक हाउस आणि प्रोग्रेसिव्ह हाउस यांतला फरक मला तरी दुकानातल्या फळीपुरताच वाटतो.

घरच्या संग्रहाला माझा नियम असा: पंधरा गाणी भरत नाहीत तो प्रकार मोडायचा, गाणी शेजारच्या प्रकारात ढकलायची आणि बारकावे शेऱ्याच्या रकान्यात लिहायचे. एमपी३टॅग या चिठ्ठ्या बदलायच्या सॉफ्टवेअरमध्ये सगळ्या फाइली निवडा, प्रकार एकदाच टाइप करा, सेव्ह करा. त्याआधी सेटिंगमध्ये आयडी३ २.३ आणि यूटीएफ-१६ (देवनागरीही मावणारी अक्षरं साठवायची पद्धत) आहे ना, ते बघा. तिथे आयएसओ-८८५९-१ ही रोमन अक्षरांपुरती पद्धत राहिली तर तिला देवनागरी येत नाही आणि प्रत्येक अक्षराचं, काना-मात्रेचं, अनुस्वाराचंसुद्धा वेगळं प्रश्नचिन्ह होतं. चार प्रश्नचिन्हं म्हणजे अभंग, पाच म्हणजे लावणी, सहा म्हणजे भावगीत. पोवाडाही सहाच. म्हणजे रात्री गाडीत भावगीतं ऐकत निवांत निघालेल्या माणसाला घाटात मध्येच डफ ऐकू आला, तर स्टिरिओ बिघडलेला नाही.