‘चेनची हँडबॅग’ किटवरच्या दोन ताऱ्यांच्या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार ताई,

मुलीसोबत सुट्टीत शिवायला म्हणून तुम्ही आमचं किट घेतलंत आणि बॅग अर्धवट राहिली, याचं आम्हाला मनापासून वाईट वाटलं. तुमच्या तक्रारी अशा: कापड २८ सेंमीचं असून बॅग २० सेंमीची झाली, चेन लाटेसारखी वर-खाली दिसते, सुई दोनदा तुटली, अस्तर आत लोंबतं, आणि शेवटी बॅग सुलटी करताच आली नाही. किटमध्ये सिंगल फूट (चेनच्या दातांजवळ शिवायला मशीनला लावायचा एकाच बाजूचा फूट) नाही आणि ‘नवशिक्यांसाठी’ हे पाकिटावरचं लिहिणं खोटं आहे, असंही तुम्ही म्हटलंय. बॅगेच्या या पाच तक्रारींपैकी दोन गोष्टींत चूक आमच्या सूचनापत्राची आहे. उरलेल्या तीन दुरुस्त होण्यासारख्या आहेत. तुमच्या हातातली बॅग वाया गेलेली नाही, म्हणून हे उत्तर सविस्तर लिहितोय.

आधी मापाचं, कारण हे विचारणाऱ्या तुम्ही एकट्या नाही. तुकडा २८ सेंमी रुंद आणि २२ सेंमी उंच आहे. दोन्ही बाजूंना १ सेंमी माया (शिलाईसाठी सोडलेली कड) गेली की रुंदी २६ उरते. तळाला ६ सेंमी खोली द्यायची, तर ती खोली याच कापडातून येते, त्यामुळे तळाची लांबी २६ वजा ६ म्हणजे २० सेंमी. उंचीतही तेच: २२ मधून चेनकडचा १, तळाचा १ आणि खोलीचे निम्मे ३ गेले की १७ उरतात. बॅग वर चेनपाशी मोजलीत तर २६ भरेल, तळाशी २०. म्हणजे तुमची बॅग बरोबर मापाची झालीय. पण पाकिटावर फक्त कापायचं माप छापलं आणि तयार बॅगचं माप दिलंच नाही, ही चूक पूर्णपणे आमची. नव्या सूचनापत्रात दोन्ही मापं शेजारी-शेजारी असतील. मोबाईल, पाकीट, किल्ल्या आणि उन्हात तोंडाला बांधायचा दुपट्टा घडी करून मावेल, एवढी ही बॅग आहे. मोठी हवी असेल तर तळाची लांबी अधिक खोली अधिक २ ही कापायची रुंदी, आणि उंची अधिक निम्मी खोली अधिक २ ही कापायची उंची. २४ लांब, ८ खोल, २० उंच बॅगसाठी तुकडा ३४ बाय २६ चा लागेल. चेन नेहमी तुकड्याच्या रुंदीपेक्षा ४ सेंमी कमी कापायची.

बॅग सुलटी न होण्याचं कारण एकच: बाजू शिवताना चेन पूर्ण बंद होती. अस्तराच्या तळाला सोडलेल्या १० सेंमी फटीतून हात अस्तराच्या पोकळीत जातो, पण बाहेरच्या कापडाची पोकळी बंद चेनच्या पलीकडे असते. ‘चेन अर्धी उघडी ठेवा’ ही ओळ आमच्या पत्रात सहाव्या पायरीच्या पोटात बारीक अक्षरात आहे. ती बाजूंची टीप मारण्याआधी, एकटी आणि ठळक असायला हवी होती. ही दुसरी चूकही आमची.

आता ती उघडायची कशी? फटीतून हात घाला, चेनची मागची बाजू लागेल. रनरचा (चेन उघड-बंद करणाऱ्या सरकत्या कडीचा) चपटा भाग बोटाला जाणवेल. किटमधला रनर बिनलॉकचा आहे, त्यामुळे दोन नखांनी धरून मागूनही ढकलता येतो. निम्म्यापर्यंत सरकला की काम झालं. हलला नाही तर जोर लावू नका. बाहेरच्या कापडाची तळाची टीप मधोमध ४-५ सेंमी उसवा, तिथून दोन बोटं घालून रनर ओढा आणि तेवढी टीप परत मारा. चेन उसवायची काहीच गरज नाही.

चेन लाटेसारखी दिसते याचा दोष चेनला देता येणार नाही, ती पाच नंबरची नायलॉनची चेन आहे आणि बॅगेला हीच योग्य. टाचताना चेन ताणली गेली की टीप मारून सोडल्यावर ती आखडते आणि कापड गोळा होतं. उलट कापड ताणलं गेलं तर चेनच फुगते. यावर एकच उपाय आम्हाला भरवशाचा वाटतो: चेनचा मध्य आणि कापडाचा मध्य खडूने खूण करून जुळवायचा, आधी मध्यावर टाचायचं आणि मग टोकांकडे जायचं. एका टोकापासून टाचत गेलं की सगळा फरक शेवटच्या ३ सेंमीत साठतो. नवशिक्यांनी टाचण्यांऐवजी हाताने कच्चा धावदोरा घालावा, दहा मिनिटं जास्त जातात पण चेन हलत नाही. आणि दोन्ही बाजूंच्या टिपा एकाच टोकाकडून सुरू करायच्या. एक इकडून आणि दुसरी तिकडून मारली की दोन तुकडे विरुद्ध दिशांना सरकतात आणि बॅग पिळल्यासारखी होते.

टीप दातांपासून ५ मिमी अंतरावर असू द्या, टाका ३ मिमीचा. रनर जवळ आला की सुई कापडात रुतवून थांबायचं, फूट उचलायचा, रनर मागे सरकवायचा, फूट खाली. तिथे वळसा घालून पुढे गेलं की टीप बाहेर पडते. अस्तर लागल्यावर बाहेरचं कापड आणि अस्तर दोन्ही चेनपासून मागे वळवून, घडीपासून ३ मिमीवर सुलट बाजूने दाबटीप मारायची. ही दाबटीप बरेच जण दिसण्यापुरती समजून सोडून देतात. तिच्याशिवाय अस्तराची कड सैल राहते आणि रनरमध्ये अडकते.

सुई तुटण्याचं ठिकाण तुम्ही लिहिलं नाही, पण बहुतेक ते चेनच्या टोकाशी असावं. तिथे चेनच्या टोकाला लावलेली वरची दुहेरी पट्टी, चेन, खालची दुहेरी पट्टी, बाहेरचं कापड आणि अस्तर असा थर जमतो. फ्युजिंग (कापडाला ताठपणा यावा म्हणून आतून इस्त्रीने चिकटवायचा थर) मुद्दाम २६ बाय २० चं दिलंय, कापडापेक्षा लहान. ते मधोमध बसलं की १ सेंमीच्या मायेत येत नाही आणि जाडी वाढत नाही. तिरकं चिकटलं असेल तर शिलाईत आलेली कड कातरून टाका. या जागी १४ नंबरची सुई चालत नाही, १६ नंबर लावा. पायडल किंवा मोटर सोडून मशीनचं चाक हाताने फिरवत पाच-सहा टाके पार करा. आणि कापड मागून ओढू नका, ओढलं की सुई वाकते, खालच्या पत्र्यावर आपटते आणि तुटते. किटमधल्या सुया घरगुती मशीनच्या, चपट्या मानेच्या आहेत; तुमच्याकडे कारखान्याचं मशीन असेल तर त्याला गोल मानेची सुई लागते, ही बसणार नाही.

सिंगल फूट किटमध्ये नाही, हे तुमचं म्हणणं बरोबर आहे. आम्ही तो दिला नाही कारण मशीनप्रमाणे फूट बदलतो. पण साध्या फूटने दातांजवळ जाता येत नाही, आणि नवशिक्याला हे आधी कळायला हवं. पाकिटावर ‘सिंगल फूट लागेल’ असं आता छापतोय. नागपुरात बर्डी किंवा इतवारीत शिलाईच्या सामानाच्या दुकानात मशीनचं नाव सांगितलं की मिळतो.

चेनच्या टोकांच्या पट्ट्या नीट लावल्यात का, हेही एकदा तपासा. चेन २४ सेंमीची, प्रत्येक टोकाला दुमडलेली एक पट्टी वर आणि एक खाली, दोन्ही चेनवर १ सेंमी चढवलेल्या. अशी पट्ट्यांसकट लांबी २८ होते. पट्ट्या न लावता चेनच २८ ची ठेवली तर दात बाजूच्या शिलाईत येतात, तिथे सुई अडते आणि कोपरे वर ताठ उभे राहतात. चेनच्या दोन्ही टोकांची घडी बाजू शिवताना एकाच दिशेला पडली पाहिजे.

अस्तर लोंबण्याचं कारण माप. बाहेरच्या कापडाला फ्युजिंगने ताठपणा येतो, अस्तर सुती आणि मऊ; दोन्हीला सारखीच माया घेतली की अस्तर आत झोळासारखं होतं. अस्तराच्या बाजूंना १ ऐवजी १.३ सेंमी माया घ्यायची. तुमच्या बॅगेत हे आताही होतं: फटीतून अस्तर बाहेर ओढा, उलटं करा, जुन्या टिपेच्या आत ३ मिमीवर दुसरी टीप मारा. चेनपासचे वरचे ३ सेंमी सोडून खाली जा.

कोपऱ्यांबद्दल तुम्ही काही लिहिलं नाही, पण तुम्ही टाकलेल्या फोटोत डावा कोपरा उजव्यापेक्षा लहान दिसतोय. कोपरा चपटा करून बाजूची शिलाई तळाच्या शिलाईवर बसवली की टोकापासून ३ सेंमी मोजून आडवी टीप मारायची, तिची लांबी बरोबर ६ येते. हे ३ सेंमी शिलाईच्या टोकापासून मोजायचे. कापडाच्या कच्च्या कडेपासून मोजले तर मायेचा १ सेंमी त्यातच जातो आणि टीप ४ सेंमीचीच होते. डाव्या कोपऱ्यात बहुधा तसंच झालंय. जुनी टीप तशीच ठेवा, १ सेंमी आत नवी मारा आणि मग कोपरा कातरा. अस्तराच्या कोपऱ्यांनाही हेच माप.

‘नवशिक्यांसाठी’ हा शब्द आम्ही काढणार नाही. सरळ टीप येणाऱ्या कुणालाही ही बॅग जमते, पण सूचना नीट असतील तरच, आणि त्या नीट करणं आमचं काम आहे. ऑर्डरच्याच पत्त्यावर १६ नंबरच्या दोन सुया, ३० सेंमी चेन रनरसकट आणि दुरुस्त सूचनापत्र उद्या निघेल, त्याचे पैसे नाहीत. मशीन कोणतं आहे ते इथेच खाली लिहा, सिंगल फूटही सोबत पाठवतो. तोवर चेनच्या टिपेला हात लावू नका. आधी फटीतून रनर सरकतो का ते बघा.