निर्गुडी म्हणजे चेस्टबेरी नव्हे

‘परदेशात चेस्टबेरी म्हणून महागात विकतात ती आपल्या बांधावरची निर्गुडीच. सात पानांचा काढा रोज उपाशीपोटी घ्या. पाळी नियमित होते, पीसीओडी मुळासकट जातो, बाळंतिणीला दूध येतं, अपाय शून्य.’ हा मजकूर सध्या जोरात फिरतोय. (पीसीओडी म्हणजे बीजकोशांशी जोडलेला हार्मोनचा बिघाड, ज्यात पाळी अनियमित होते.)

आधी ‘तीच वनस्पती’ हे बघू. प्रजाती एक, व्हायटेक्स, जाती दोन. निर्गुडी ही व्हायटेक्स निगुंडो. चेस्टबेरी ही व्हायटेक्स अ‍ॅग्नस-कास्टस, भूमध्य समुद्राभोवतीची. निर्गुडीच्या पानाला ३ ते ५ पर्णिका, चेस्टबेरीला बहुधा ५ ते ७. वांगं आणि बटाटाही एकाच प्रजातीतले, म्हणून कोणी बटाट्याचं भरीत करत नाही.

‘पानांचा काढा.’ चेस्टबेरीची औषधी वापरातली वस्तू म्हणजे वाळवलेलं फळ, मिऱ्याएवढं. २००१ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आलेल्या चाचणीत १७० स्त्रियांना तीन पाळीचक्रं फळाच्या अर्काची २० मिलिग्रॅमची गोळी किंवा तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी दिली. त्रास निम्म्याने किंवा अधिक कमी झाला तो अर्कवाल्या गटात ५२ टक्के जणींचा, दुसऱ्या गटात २४ टक्के जणींचा. हा त्रास पाळीआधीचा: चिडचिड, डोकेदुखी, स्तन भरून येणं. पीसीओडीचा या चाचणीत संबंधच नव्हता. शिवाय तो अर्क अल्कोहोलमध्ये काढलेला. फळातली डायटर्पिन द्रव्यं पाण्यात फारशी उतरत नाहीत. म्हणजे झाड वेगळं, भाग वेगळा, काढायची रीत वेगळी, आणि पुरावा मात्र उसना.

‘बाळंतिणीला दूध येतं’ हा दावा तर उलटाच. चेस्टबेरीतली ही द्रव्यं मेंदूतल्या डोपामिन या संदेशवाहक रसायनाच्या जागांवर काम करतात आणि प्रोलॅक्टिन हे हार्मोन खाली आणतात. दूध तयार होतं ते प्रोलॅक्टिनवर. म्हणूनच गरोदरपणात आणि अंगावर पाजताना चेस्टबेरी घेऊ नये. कॅबरगोलिन, ब्रोमोक्रिप्टिन, मेटोक्लोप्रमाइड ही औषधं किंवा हार्मोनच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. परदेशातल्या मराठी घरांत या कॅप्सूल सहज येतात, त्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं. ‘अपाय शून्य’चा निकाल इथेच लागतो.

पीसीओडी कुठल्याच पाल्याने मुळासकट जात नाही. वजन जास्त असेल तर ते ५ ते १० टक्के उतरल्यावर बऱ्याच जणींची पाळी सुधारते, हे मात्र खरं.

पाळी चुकली तर काढ्याआधी लघवीची गरोदरपणाची चाचणी करा. पाजत नसताना स्तनांतून दूध येत असेल तर प्रोलॅक्टिन आणि थायरॉइड तपासून घ्या. प्रोलॅक्टिनचं रक्त उठल्या उठल्या देऊ नये. झोपेत ते वाढलेलं असतं, दोन-तीन तास जाऊ द्यावेत. जोडीला डोकं दुखत असेल किंवा बाजूचं दिसेनासं होत असेल तर थांबू नका, लगेच डॉक्टरांकडे जा.

निर्गुडीचं आपलं काम ठरलेलं आहे: पाला तव्यावर एरंडेल लावून कोमट करायचा आणि सुजलेल्या गुडघ्यावर बांधायचा. चटका बसेल इतका गरम नको.