‘शिंदेन’ने युद्ध फिरवलं नसतं

इंजिनिअरिंगला असलेल्या भाच्याने परवा सेमिनारच्या स्लाइड दाखवल्या आणि माझं डोकंच फिरलं. व्हॉट्सअॅपवर फिरणारा तो फॉरवर्ड त्याने जसाच्या तसा उतरवला होता. दुसऱ्या महायुद्धात जपानच्या शिंदेन या लढाऊ विमानाने ताशी ७५० किलोमीटर वेगाने उडून अमेरिकेची बी-२९ बॉम्बफेकी विमानं पाडली; जपानचं किक्का जेट म्हणजे जर्मनीच्या मेसरश्मिट २६२ जेटची हुबेहूब नक्कल; शुसुई हे रॉकेटविमान लढायला सज्ज होतं; अमेरिकेने सगळं पळवून लपवलं; आणि युद्ध आणखी महिनाभर चाललं असतं तर जपान जिंकला असता!

शिंदेन पहिल्यांदा उडालं ३ ऑगस्ट १९४५ला, फुकुओकाजवळ. तीन उड्डाणं मिळून जेमतेम पाऊण तास, तेही चाकं बाहेर ठेवूनच. ७५० हा आराखड्यातला अंदाज आहे. शत्रूच्या एकाही विमानाशी त्याची गाठ पडली नाही. रचना विलक्षण होती, हे मात्र मान्य करावं लागेल: फिरणारा पंखा (प्रोपेलर) मागे, छोटे पंख नाकाशी, नाकातच ३० मिलिमीटरच्या चार तोफा. फॉरवर्डमधला चकचकीत फोटो मात्र चित्रपटासाठी बांधलेल्या प्रतिकृतीचा आहे. ती फुकुओका प्रांतातल्या ताचिआराई संग्रहालयात ठेवली आहे.

किक्का नक्कल नव्हतं. जर्मनीहून मेसरश्मिटची कागदपत्रं आणणारी जपानची आय-२९ पाणबुडी जुलै १९४४मध्ये बुडाली. सिंगापूरला उतरून विमानाने पुढे गेलेल्या एका अधिकाऱ्याजवळचे थोडे कागद तेवढे जपानला पोचले. बाकीचं तिथल्या इंजिनिअरांनी स्वतः केलं. इंजिनाचा जोर जर्मन इंजिनाच्या साधारण निम्मा. ७ ऑगस्ट १९४५ला किक्का दहा-बारा मिनिटं उडालं आणि ११ तारखेला दुसऱ्या प्रयत्नात धावपट्टी ओलांडून मोडलं.

लपवल्याचं म्हणाल, तर शिंदेनचा पुढचा भाग व्हर्जिनियात स्मिथसोनियनच्या विमान संग्रहालयात मांडलेला आहे. प्रवेश फुकट आहे. शिंदेनबद्दल बोलायचं असेल तर त्या संग्रहालयाची नोंद वाचा, फॉरवर्ड नको.

सगळ्यात संताप येतो तो ‘सज्ज’ या शब्दाचा. ७ जुलै १९४५ला योकोसुकाला वैमानिक तोयोहिको इनुझुका शुसुई घेऊन उडाले. टाकी पूर्ण भरलेली नव्हती. विमान उभं चढू लागल्यावर इंधन मागे सरकलं, नळीचं तोंड उघडं पडलं आणि काहीशे मीटरवर इंजिन बंद झालं. त्यांनी ते तरंगत धावपट्टीकडे वळवलं, पण ते एका इमारतीला घासून पडलं. दुसऱ्या दिवशी इनुझुका वारले. इंजिनाच्या जोरावर शुसुई एवढं एकदाच उडालं. माणूस गेला त्या उड्डाणाला सज्ज म्हणायचं?

आणि तो ‘आणखी एक महिना’! जपानच्या बंदरांबाहेर अमेरिकेने सुरुंग पेरलेले होते, तेल येत नव्हतं. विमानांच्या इंधनासाठी लोकांना पाइनची मुळं खणायला लावलं होतं. डिसेंबर १९४४च्या भूकंपाने नागोयाच्या परिसरातले विमान कारखाने मोडले, त्यात कामाला जुंपलेली शाळकरी मुलं मेली. मार्च १९४५मध्ये बी-२९च्या बॉम्बहल्ल्यात तोक्योत एका रात्रीत लाखाच्या आसपास माणसं जळाली. महिना वाढला असता तर अशा रात्री वाढल्या असत्या. पाऊण तास उडालेलं एक विमान त्या रात्री थांबवणार होतं, असं पोरांच्या गळी उतरवू नका.

सेमिनार गुरुवारी आहे. ‘जपान जिंकला असता’ ही स्लाइड काढून तिथे इनुझुकांचं उड्डाण घाल, असं भाच्याला सांगितलंय.