कोणी निवडले आणि किती दिवसांसाठी?

ठाण्यातल्या माझ्या महाविद्यालयीन मित्रमंडळींमध्ये सध्या एकाच विषयावर वाद रंगला आहे: महाविद्यालयांत विद्यार्थ्यांच्या थेट निवडणुका पुन्हा सुरू व्हाव्यात की नाही. वाशीच्या एका महाविद्यालयात शिकवणारी माझी मैत्रीण ठाम विरोधात आहे. निवडणूक म्हटली की बाहेरची मंडळी फाटकाशी येऊन उभी राहतात, गाड्या येतात, पैसा येतो, आणि सगळे निस्तरावे लागते ते प्राचार्यांना व शिक्षकांना, असे तिचे म्हणणे आहे. नौपाड्यात वकिली करणारा आमचा मित्र तिला विचारतो की, जो मुलगा अठराव्या वर्षी आमदार निवडायला चालतो, तो आपल्या वर्गाचा प्रतिनिधी निवडायला का चालू नये? दोघांचेही म्हणणे मला पटते. पण दोघेही विद्यार्थी परिषदेबद्दलच बोलत आहेत, आणि ज्या संघटना त्या परिषदेसाठी उमेदवार उभे करतात त्यांच्याबद्दल कोणीच बोलत नाही, हे मला फार खटकते. त्या संघटनांचा नेता कोण ठरवतो आणि तो खुर्चीवरून कधी उतरतो, या प्रश्नाशिवाय निवडणुकीचा वाद अर्धाच राहतो.

मी गेली अनेक वर्षे इंग्लंडमध्ये ऑक्सफर्ड येथे राहते. येथील विद्यापीठात विद्यार्थ्यांची प्रतिनिधी संघटना वेगळी आणि राजकीय पक्षांना मानणाऱ्या विद्यार्थ्यांचे क्लब वेगळे. मजूर पक्षाच्या विद्यार्थ्यांचा क्लब 1919 चा आहे. हुजूर पक्षाला मानणाऱ्यांची ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी कन्झर्व्हेटिव्ह असोसिएशन 1924 सालची. वर्षात आठ-आठ आठवड्यांची तीन सत्रे असतात आणि कन्झर्व्हेटिव्ह असोसिएशनचा अध्यक्ष दर सत्राला बदलतो. प्रत्येक सत्राच्या आरंभी एक घडीचे छोटे कार्ड निघते. त्यात त्या सत्रातल्या सभा, वक्ते आणि वादविवाद यांच्या तारखा असतात, आणि पदाधिकाऱ्यांची नावे असतात: अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि निवडणूक अधिकारीसुद्धा. पुढच्या सत्राच्या कार्डावर अध्यक्षाच्या जागी दुसरेच नाव असते. काल ज्याच्या शब्दाला वजन होते तो आज प्रेक्षकांत बसलेला असतो, आणि त्यात कोणालाही अपमान वाटत नाही.

या अध्यक्षांच्या यादीत एडवर्ड हीथ आहेत, 1946 साली रसायनशास्त्राची विद्यार्थिनी असलेल्या मार्गारेट रॉबर्ट्स म्हणजे पुढच्या मार्गारेट थॅचर आहेत, विल्यम हेग आणि जेरेमी हंट आहेत. लिबरल डेमोक्रॅट विद्यार्थ्यांच्या क्लबच्या अध्यक्षपदी लिझ ट्रस होत्या, ज्या पुढे दुसऱ्याच पक्षातून पंतप्रधान झाल्या. ही नावे वाचून आपल्याकडच्या कोणालाही वाटेल की हा पंतप्रधान घडवण्याचा कारखाना आहे. मला तसे वाटत नाही. दर वर्षी तीन अध्यक्ष धरले तर शंभर वर्षांत सुमारे तीनशे होतात, आणि त्यांपैकी बहुतेकांची नावे त्या कार्डांपलीकडे कोठेही सापडणार नाहीत. शिवाय टोनी ब्लेअर आणि डेव्हिड कॅमेरॉन हे ऑक्सफर्डमध्येच शिकले, पण विद्यार्थी राजकारणापासून दूर राहिले, आणि तरीही पंतप्रधान झाले. तेव्हा या इतिहासाचे मोल त्यातून कोण मोठे झाले यावरून ठरवू नये.

मला त्यातला एक प्रसंग फार महत्त्वाचा वाटतो. 1938 साली, चेकोस्लोव्हाकियाचा भाग हिटलरला देऊ करणाऱ्या म्युनिक कराराच्या पाठोपाठ, ऑक्सफर्डमध्ये पोटनिवडणूक झाली. हुजूर पक्षाचे अधिकृत उमेदवार होते क्विंटन हॉग, आणि त्यांच्याविरुद्ध हिटलरशी तडजोडीचे धोरण अमान्य असलेल्यांनी ए. डी. लिंडसे यांना अपक्ष म्हणून उभे केले होते. आदल्याच वर्षी कन्झर्व्हेटिव्ह असोसिएशनचे अध्यक्षपद भूषवलेले हीथ आपल्याच पक्षाच्या उमेदवाराविरुद्ध लिंडसे यांच्या प्रचारात उतरले. हॉग निवडून आले. हीथ यांचे काय झाले? 1950 मध्ये त्याच पक्षाचे खासदार, 1965 मध्ये पक्षाचे नेते आणि 1970 मध्ये पंतप्रधान. विद्यार्थी असताना त्यांना अध्यक्षपद पक्षाच्या मुख्यालयाने दिलेले नव्हते, सहाध्यायांनी दिलेले होते. म्हणूनच पक्षाविरुद्ध उभे राहताना हिरावून घेण्यासारखे कोणाच्या हाती काही नव्हते.

डाव्या बाजूलाही हेच घडले. सोव्हिएत रशियाने फिनलंडवर हल्ला केल्यानंतर मजूर क्लबच्या नेतृत्वाने रशियाची पाठराखण केली, तेव्हा 1940 मध्ये अँथनी क्रॉसलंड आणि रॉय जेन्किन्स यांनी बाहेर पडून डेमोक्रॅटिक सोशलिस्ट क्लब काढला. पुढे दोघेही मजूर सरकारांत मंत्री झाले. विशीतल्या मुलांनी परराष्ट्र धोरणावरून क्लब फोडावा आणि वरून कोणी समजूत घालायला येऊ नये, हे दृश्य आपल्याकडे आज कल्पनेतही आणता येत नाही.

या क्लबांची दुसरी बाजू झाकून ठेवण्याचे मला कारण नाही. महायुद्धानंतरचे ब्रिटनचे बहुसंख्य पंतप्रधान एकाच विद्यापीठातून यावेत, ही त्या देशाच्या लोकशाहीला शोभणारी गोष्ट नाही, आणि हे क्लब त्या बंदिस्त जिन्याची एक पायरी आहेत. मद्याच्या पेल्याभोवती जमणाऱ्या बैठका, गटबाजी, मतांची आधीच झालेली देवाणघेवाण हे सारे तेथे आहे. 2009 मध्ये कन्झर्व्हेटिव्ह असोसिएशनच्या उमेदवारांच्या सभेत वंशद्वेषी विनोद सांगितले गेले, आणि परिणामी तिला विद्यापीठाचे नाव वापरण्याचा हक्क गमवावा लागला. केंब्रिजमधल्या हुजूर पक्षाच्या विद्यार्थी क्लबात 1960 च्या दशकाच्या आरंभी केनेथ क्लार्क यांनी फॅसिस्ट नेते ओस्वाल्ड मोस्ली यांना व्याख्यानाला बोलावले म्हणून मायकेल हॉवर्ड यांनी क्लबच्या समितीचा राजीनामा दिला होता. हे दोघे पुढे एकाच मंत्रिमंडळात बसले. भांडण खरे होते, पण ते वैर झाले नाही.

आता आपल्याकडे यावे. महाराष्ट्रात थेट निवडणुका बंद झाल्या त्याला सबळ कारण होते, आणि माझी मैत्रीण ते विसरू देत नाही हे बरेच आहे. 1989 साली मुंबईत ओवेन डिसुझा या विद्यार्थी नेत्याचा खून झाला. त्यानंतर 1994 च्या विद्यापीठ कायद्याने वर्गप्रतिनिधी गुणांवर नेमण्याची पद्धत आणली: आदल्या परीक्षेत पहिला आलेला विद्यार्थी आपोआप प्रतिनिधी, त्यांच्या जोडीला प्राचार्यांनी नेमलेले काही जण, आणि या सर्वांनी मिळून निवडलेला सचिव. हिंसा थांबली. पण ज्याला आपल्या वर्गासमोर मते मागावी लागली नाहीत, त्याला वर्गाला उत्तर देण्याचीही सवय लागली नाही. 2017 मध्ये संगणकावर उत्तरपत्रिका तपासण्याच्या गोंधळात मुंबई विद्यापीठाचे निकाल महिनोन्‌महिने रखडले, अखेर कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले. त्या काळात ठाणे-नवी मुंबईतल्या मुलांचे परदेशातील प्रवेश टांगणीला लागले होते, आणि त्यांच्या मतांनी निवडलेला एकही प्रतिनिधी संलग्न महाविद्यालयांत नव्हता.

2016 च्या कायद्याने थेट मतदान परत आणले. 2019 मध्ये वेळापत्रक निघाले, विधानसभा निवडणुकीमुळे ते पुढे गेले, मग कोविड आला. दरम्यान मुंबई विद्यापीठाच्या अधिसभेतील, म्हणजे सिनेटमधील, नोंदणीकृत पदवीधरांच्या 10 जागांची निवडणूकही लांबत राहिली आणि 2024 च्या सप्टेंबरमध्ये उच्च न्यायालयात प्रकरण गेल्यावरच मतदान झाले. सर्व जागा ठाकरे गटाच्या युवा सेनेने जिंकल्या. म्हणजे विद्यापीठाच्या राजकारणात पक्ष पूर्ण ताकदीने उतरलेलेच आहेत. फक्त आज वर्गात बसणाऱ्या विद्यार्थ्याला त्यात मत नाही.

आणि या पक्षांच्या विद्यार्थी आघाड्या चालतात कशा? तीन हात नाक्यावर किंवा राम मारुती रोडवर कोणत्याही आठवड्यात पाहावे. वाढदिवसाच्या शुभेच्छांचा फलक असतो, वर पक्षाच्या नेत्यांचे मोठे चेहरे, खाली कार्यकर्त्यांच्या छोट्या छायाचित्रांची रांग, आणि मधोमध विद्यार्थी आघाडीचे शहराध्यक्ष, ज्यांनी स्वतः महाविद्यालय सोडून बराच काळ लोटलेला असतो. त्यांची नियुक्ती पत्राने झालेली असते, पत्र देतानाचे छायाचित्र सर्वत्र जाते, आणि मुदत कोठेही लिहिलेली नसते. नेत्याने पक्ष बदलला की पूर्ण शहर कार्यकारिणी एका रात्रीत बदलते. अशा अध्यक्षाने पक्षाच्या उमेदवाराविरुद्ध प्रचार करण्याचा विचार तरी करावा कसा?

आपली मुले लोकशाहीला तयार नाहीत, असे जे म्हणतात त्यांना दिल्लीकडे बोट दाखवावे. जवाहरलाल नेहरू विद्यापीठात विद्यार्थी संघाची निवडणूक विद्यार्थ्यांचाच निवडणूक आयोग चालवतो आणि अध्यक्षपदाचे उमेदवार रात्री उघड्यावर, शेकडो विद्यार्थ्यांसमोर एकमेकांशी वाद घालतात. 1977 मध्ये संघाचे अध्यक्ष सीताराम येचुरी यांनी इंदिरा गांधींच्या समोर उभे राहून त्यांनी कुलपतिपद सोडावे अशी मागणी करणारे निवेदन वाचून दाखवले, आणि त्यांनी ते सोडले. तेथेही मारामाऱ्या झाल्या आहेत, निवडणुका स्थगित झाल्या आहेत. पण ते काम विद्यार्थी करू शकतात, हे त्यातून सिद्ध झाले आहे.

सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये मान्य केलेल्या, विद्यार्थी निवडणुकांचे नियम सुचवणाऱ्या लिंगडोह समितीच्या शिफारशी यासाठी पुरेशा आहेत: पदवीच्या विद्यार्थ्याला 22 वर्षांची वयोमर्यादा, उमेदवाराचा खर्च 5000 रुपयांपर्यंत, 75 टक्के हजेरी, आणि पदाधिकारी होण्याची संधी एकदाच. या शेवटच्या अटीकडे आपल्या वादात कोणीच लक्ष देत नाही, आणि मला तीच सर्वांत मोलाची वाटते. बाहेरचा पैसा एखाद्या मुलावर लागतो तो पुढच्या दहा वर्षांची वसुली डोळ्यांसमोर ठेवून. वर्षभरात हमखास उतरणाऱ्या अध्यक्षावर कोण गुंतवणूक करील?

माझ्या मैत्रिणीची भीती यानेही पूर्ण जाणार नाही, कारण परिषदेसाठी नियम केले तरी फाटकाबाहेरची संघटना जुन्याच पद्धतीने चालणार. म्हणून सुरुवात तेथून व्हावी असे मी म्हणते. ठाणे आणि नवी मुंबईतल्या प्रत्येक पक्षाने आपल्या विद्यार्थी आघाडीचे अध्यक्षपद सध्या महाविद्यालयात शिकत असलेल्या सभासदांच्या गुप्त मतदानाने भरावे, ते एका शैक्षणिक वर्षापुरते ठेवावे, आणि अध्यक्षाच्या नावासोबत निवडीची व मुदत संपण्याची तारीख जाहीर करावी. पूर्वीच्या अध्यक्षांची यादीही जपावी, कारण आज आपल्या शहरात कोणत्याही आघाडीचे वीस वर्षांपूर्वीचे अध्यक्ष कोण होते हे विचारले तर जुन्या कार्यकर्त्यांच्या आठवणीवाचून उत्तर मिळत नाही. यांतल्या एकाही गोष्टीसाठी कायदा लागत नाही, शासन निर्णय लागत नाही, की विधानसभेची निवडणूक संपण्याची वाट पाहावी लागत नाही. जूनमध्ये महाविद्यालये उघडतात; सप्टेंबरपर्यंत पहिले मतदान घेता येईल, आणि त्याची नियमावली लिहायला आमच्या वकील मित्राची तयारी आहे.