गोळ्या बंद करू नका! विल्सन आजारावरच्या ‘एका इंजेक्शन’च्या मेसेजला उत्तर

गेले पंधरा दिवस सोलापुरातल्या आमच्या नातलगांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘विल्सन आजार कायमचा बरा. स्वतःच्याच कमरेच्या हाडातल्या स्टेम सेल, जनुक दुरुस्त करून. एक इंजेक्शन, गोळ्या बंद. अमेरिकेत बाळ बरं झालं. खर्च साडेतीन लाख.’ माझ्या भाच्याला हाच, शरीरात तांबं साचण्याचा आनुवंशिक आजार आहे. ताई पाटल्या मोडायला निघाली होती, म्हणून लिहितोय.

आधी कमरेच्या हाडाचं. स्टेम सेल म्हणजे ज्यांपासून दुसऱ्या पेशी तयार होतात अशा मूळ पेशी. विल्सनमध्ये एटीपी७बी हे जनुक बिघडलेलं असतं. जेवणातलं जादा तांबं यकृताला पित्तावाटे बाहेर टाकता येत नाही. ते साचतं आणि पुढे मेंदूत, डोळ्यांत उतरतं. हा बिघाड हाडातल्या पेशींतही असतोच. त्या तशाच काढून टोचल्या तर बिघाडही परत आत जातो. शिवाय हाडातल्या त्या पेशी रक्त तयार करतात, यकृत नाही. ‘आम्ही दुरुस्त करून देतो’ म्हणणाऱ्याला विचारा, नेमका कोणता बदल दुरुस्त करणार? या जनुकात शेकडो वेगवेगळे बदल सापडलेत. ताईकडे या मेसेजवाल्यांनी जनुक तपासणीचा रिपोर्ट मागितलाच नाही. ॲडव्हान्स मात्र मागितला.

संशोधन खोटं नाही. २०११ मध्ये ब्रिटनमधल्या शास्त्रज्ञांनी यकृताच्या दुसऱ्या एका आनुवंशिक आजारात रुग्णाच्या त्वचेपासून स्टेम सेल बनवल्या, जनुक सुधारलं आणि त्यांतून यकृतासारख्या पेशी तयार केल्या. त्या टोचल्या उंदरांना. अशा पेशी अजून गर्भातल्या यकृतासारख्या कच्च्या राहतात आणि त्यांत मूळ स्टेम सेल उरल्या तर गाठ होण्याची भीती असते.

अमेरिकेतलं बाळ खरं आहे, २०२५ सालचं, फिलाडेल्फियातलं. पण त्याचा आजार वेगळा, रक्तात अमोनिया साठण्याचा. स्टेम सेल तिथे नव्हत्याच. दुरुस्तीचं औषध चरबीच्या सूक्ष्म कणांतून थेट यकृतात पोहोचवलं, तेही तीन डोसांत. त्याची औषधं कमी झाली, बंद झाली नाहीत.

पैशांचं थोडक्यात: आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, रक्ताच्या ठरावीक आजारांवरचे वगैरे मान्य उपचार सोडले तर स्टेम सेल फक्त नोंदणीकृत चाचणीतच, म्हणजे नवा उपचार रुग्णांवर तपासून पाहणाऱ्या अभ्यासातच, वापरता येतात. आणि चाचणीत प्रयोगाच्या उपचाराचे पैसे रुग्णाकडून घ्यायचे नसतात.

सगळ्यात घातक शब्द ‘गोळ्या बंद’. भाचा पेनिसिलामाइन ही तांबं लघवीवाटे बाहेर काढणारी गोळी घेतो, उपाशीपोटी, जेवणाआधी तासभर. तांब्याचा हंडा माळ्यावर गेलाय. घरात सगळे भाकरीवर शेंगाचटणी घेतात, याच्या ताटात बिनशेंगदाण्याचा ठेचा, कारण शेंगदाण्यात तांबं भरपूर. सोलापूरच्या पोराला हे सोपं नाही, तरी तो पाळतो. तो ठणठणीत दिसतो तो या गोळ्यांमुळे. त्या सोडल्या तर तांबं पुन्हा साचतं आणि यकृत अचानक निकामी होऊ शकतं. मग यकृत प्रत्यारोपणाशिवाय वाट उरत नाही.

ताईला म्हटलं, खर्च करायचाच तर धाकटीच्या तपासणीवर कर. सख्ख्या भावंडाला हा आजार असण्याची शक्यता चारात एक. लक्षणं दिसायच्या आत कळलं तर औषधांनी यकृत वाचतं. सोमवारी तिचं रक्त देऊन आलो, लघवीतलं तांबं मोजायला चोवीस तासांची लघवी जमवायची बाटलीही घरी आणलीय.