काउआन, म्हणजे लई वेळ

परवा एका ग्रुपवर कुणीतरी विचारलं, "रात्री झोप येत नाही, शांत म्युझिक सुचवा." खाली एका भल्या माणसाने तेन्हीचं नाव टाकलं. आधी मला आनंद झाला, कारण पंधरा-सोळा वर्षांत मी सोडून कुणी मराठी माणूस हे नाव घेताना मला दिसला नव्हता. मग राग आला. झोपेसाठी? बाबा रे, त्यापेक्षा पंख्याचा आवाज ऐक.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. तेन्ही हा फिनलंडचा बँड. १९९६ साली सुरू झाला, त्यूको सारिक्को आणि इल्का साल्मिनेन ही त्यातली मुख्य नावं. पहिला पूर्ण अल्बम 'काउआन', १९९९ चा, प्रॉफेसी प्रॉडक्शन्स या जर्मन कंपनीने काढलेला. आठ गाणी, सगळी फिनिशमध्ये. अकुस्टिक गिटार, व्हायोलिन, बासरी, रॉकचे पण फार सावकाश वाजणारे ड्रम्स, आणि छातीच्या तळातून येणारा, जवळजवळ पुटपुटणारा पुरुषी आवाज. कुणी याला निओफोक म्हणतं, म्हणजे लोकसंगीताच्या वळणाचं नवं संगीत, कुणी प्रोग्रेसिव्ह फोक. मला दुसरं नाव जास्त पटतं, पण त्यावर पुढे येतो.

माझ्याकडे ते आलं २००८ मध्ये, हॉस्टेलवर, मित्राच्या हार्ड डिस्कमधून. आम्ही सगळे मेटलवाले. फिनलंड म्हणजे आमच्यासाठी नाइटविश आणि चिल्ड्रेन ऑफ बोडम हे मेटल बँड. त्याच फोल्डरमध्ये कुठूनतरी हे येऊन बसलं होतं. फाइलींच्या नावांतली टिंबवाली अक्षरं त्या कॉम्प्युटरला कळायची नाहीत, त्यामुळे जिथे तिथे चौकोन. पहिल्या गाण्याचं नाव एक चौकोन घेऊन बसलेलं, पाचव्याचंही तसंच. दोन वर्षं मी त्याला 'चौकोनवाला अल्बम' म्हणत होतो. एक शब्द कळत नव्हता आणि काही अडतही नव्हतं.

अडायला लागलं ते नावांचे अर्थ शोधल्यावर.

आणि इथे मला मराठी असल्याचा जो फायदा झाला तो कुणी सांगितला नव्हता. शाळेत सामान्यरूप शिकलो होतो, आठवतंय? घोडा, पण घोड्याचा. फिनिशमध्ये हेच चालतं. प्रत्यय लागायच्या आधी शब्द आपलं अंग बदलतो. 'नॅक्की' हा पाण्यातला भुताळ जीव. त्याचं गाणं म्हणायचं तर 'नॅकिन लाउलु', मधला एक क गळतो. 'रेपो' म्हणजे कोल्हा, पण कोल्ह्याच्या आगी म्हणायच्या तर 'रेवोन्तुलेत', प चा व होतो. हे अल्बममधल्या तिसऱ्या गाण्याचं नाव, आणि फिनिशमध्ये उत्तरेच्या आकाशातल्या त्या हिरव्या उजेडाचंही हेच नाव. लोककथा अशी की एक कोल्हा बर्फाळ डोंगरावरून पळतो, शेपटी बर्फावर आपटते आणि ठिणग्या उडून आभाळाला लागतात.

पाचवं गाणं 'एतॅइस्यूक्सिएन ता'. इंग्रजीत याचे तीन-चार सुटे शब्द करावे लागतात. मराठीत एकाच शब्दात बसतं, अंतरांपलीकडे. अंतर, त्याचं अनेकवचन, त्याला जोडून दिशा. हे जुळलं त्या दिवशी मी खोलीत एकटाच हसलो होतो.

आणि 'काउआन' म्हणजे? बराच काळ. फार वेळ. आमच्या निफाडच्या भाषेत लई वेळ. बस. कुणाची आठवण, कुणाचा विरह, कुणाचं मरण असं काही नाही. नुसतं किती वेळ एवढंच. अल्बमचं मर्म या एका शब्दात आहे असं मला वाटतं. याला 'सॅड म्युझिक' म्हणणाऱ्यांशी माझं भांडण आहे ते इथेच.

आपल्याकडे दुःखाचं गाणं म्हणजे कुणीतरी कुणालातरी उद्देशून रडतंय. गझल घ्या, सिनेमातलं विरहगीत घ्या. गाणारा तुम्हाला पटवत असतो की बघा मला किती लागलंय. त्यात वाईट काही नाही, मलाही आवडतं. पण 'काउआन'मध्ये कुणी पटवत नाही. मी एकदा दिवाळीच्या सुट्टीत घरी हे लावलं होतं. आई आधी म्हणाली, "कोण गेलं रे?" मग भाजी निवडता निवडता बराच वेळ ऐकत राहिली आणि म्हणाली, "हा माणूस रडत का नाही?" इतक्या वर्षांत वाचलेल्या सगळ्या परीक्षणांपेक्षा हे जास्त नेमकं आहे. तो रडत नाही. रडून झाल्यावर जी संध्याकाळ उरते तिथे तो बसलाय, आणि तिथून उठायची त्याला घाई नाही.

चौथं गाणं 'हाल्लावेदेत'. यावर जरा थांबतो, कारण हा शब्द मला घरचा वाटतो.

'वेदेत' म्हणजे पाणी, अनेकवचनात. 'हाल्ला' म्हणजे पीक उभं असताना, भर उन्हाळ्यातसुद्धा, एका रात्रीत पडणारं गोठवणारं दंव. आभाळ निरभ्र, वारा पडलेला, जमिनीतली ऊब वर निघून जाते आणि गार जड हवा खोलगट जागी, दलदलीच्या कडेला येऊन साचते. सकाळी शेत काळं. हे मला कुणी समजावून सांगायची गरज नाही. आम्ही गोदाकाठचे. डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा उतरला की बातमीत आमचं नाव येतं, आणि बातमी वाचणाऱ्यांना मौज वाटते. द्राक्षबागवाल्याला विचारा. पाणी उतरलेल्या मण्यांना तडे जातात. वडील पहाटे उठून बागेत शेकोट्या पेटवायचे, ओलं-सुकं टाकून धूर करायचे. आम्ही पोरं मध्ये मध्ये लुडबुडायचो. वडील बोलायचे नाहीत. ओळीओळीतून फिरायचे आणि मधूनच वर आभाळाकडे बघायचे, ढग येतो का म्हणून. ढग आला तर वाचलो.

पण आमचा माल जातो, पैसा जातो. तिकडे माणसं गेली. १८६७ साली फिनलंडमध्ये वसंत आलाच नाही म्हणायचा, जून उजाडला तरी तळ्यांवर बर्फ होतं. पेरण्या लांबल्या आणि सप्टेंबरच्या सुरुवातीलाच हाल्ला पडला. पीक गेलं. लोकांनी पाइनच्या झाडाची आतली साल वाळवून, दळून, पिठात मिसळून भाकरी केली. १८६६ ते १८६८ या काळात भूक आणि तिच्या मागून आलेल्या साथींमध्ये देशातली सुमारे आठ टक्के माणसं संपली. बारा माणसांमागे एक.

गाणं त्या दुष्काळावर आहे असा माझा दावा नाही. पण ज्या भाषेत एका रात्रीच्या दंवाला वेगळा शब्द आहे, आणि त्या शब्दाच्या पोटात एवढं सगळं आहे, त्या भाषेतला माणूस तो शब्द गाण्याच्या नावात पुटपुटतो तेव्हा त्याला आवाज चढवावा लागत नाही. मला त्या गाण्यात शेकोट्यांमधून न बोलता फिरणारे वडील दिसतात. हे माझं खाजगी ऐकणं झालं, बँडला त्याचं काही देणंघेणं नाही.

पहिलं गाणं, ते नॅक्कीचं, त्यावरही थोडं. फिनलंडमध्ये तळीच तळी, गणती केलीत तर पावणेदोन लाखांच्या वर. पोरांनी धक्क्यावरून, पुलावरून वाकून पाण्यात आपलं प्रतिबिंब बघू नये म्हणून मोठी माणसं सांगायची की नॅक्की खाली ओढून नेईल. आपल्याकडे विहिरीत आसरा असतात, तसंच. म्हणजे अल्बम सुरू होतो तोच पाण्यात वाकून बघू नकोस या भीतीने, आणि आपण मात्र वाकतोच.

आता 'प्रोग्रेसिव्ह' या शब्दाबद्दल. प्रोग, म्हणजे प्रोग्रेसिव्ह रॉक, म्हटलं की लोकांना कीबोर्डचे मनोरे आणि दर दोन मिनिटांनी बदलणारा ताल आठवतो. फिनलंडमध्ये तेही होऊन गेलं, विगवाम हा बँड १९६८ चा आणि तासावाल्लान प्रेसिदेन्ती १९६९ चा, आवडीने ऐका. तेन्हीत असली कसरत नाही. गिटारची एक साधी घडी येते, परत येते, परत येते. तुम्ही कंटाळणार इतक्यात खाली ड्रम्स सरकतात, मग व्हायोलिन एक रेघ ओढून जातं. घडी तीच असते, पण आता ती आधीची राहिलेली नसते. हे फोकवाल्यांचं काम नाही, ही रचना करणाऱ्या माणसाची बुद्धी आहे. म्हणून प्रोग्रेसिव्ह. वाद घालायचा असेल तर घाला, मी रविवारी मोकळा आहे.

दोष आहेत की. सगळ्या गाण्यांचा वेग जवळपास एकच. आवाज वाद्यांच्या इतका खाली ठेवलाय की काही ठिकाणी माणूस शेजारच्या खोलीत गातोय असं वाटतं. सहाव्या गाण्याला माझं मन अजूनही भरकटतं, 'लाउलुनी सिनुल्ले', 'माझं गाणं तुला', आणि गंमत म्हणजे अख्ख्या अल्बममध्ये ज्याच्या नावात 'मी' आणि 'तू' आहेत असं ते एकच. शेवटचं 'ताइवाल' मात्र चुकवू नका. वाटचाल, पण सोपी नव्हे, पाय ओढत केलेली.

नंतरचेही अल्बम आहेत. २००२ चा 'वॅरे', २००६ चा 'माअॅएत', २०११ चा 'साइवो'. काही लोक 'साइवो'ला सगळ्यात वर ठेवतात, मलाही कळतं का ते. त्याच्यानंतर बारा वर्षं नवा अल्बम नाही. मी आशा सोडली होती. आणि २०२३ ला 'वाल्कामा' आला. वाल्कामा म्हणजे होडी लावायची सुरक्षित जागा, आपलं बंदर म्हणा. तो आला तेव्हा ज्याच्या हार्ड डिस्कमधून हे सगळं सुरू झालं त्या मित्राला मी लिंक पाठवली. तो आता मेटल वगैरे काही ऐकत नाही, पोरीला घेऊन स्केटिंग क्लासला जातो. दोन निळ्या टिका आल्या. तीन दिवसांनी उत्तर आलं, "हे ते चौकोनवालेच ना?"

तर ज्याला ऐकायचंय त्याने क्रमाने ऐका, आठही. शफल बंद. झोपेच्या यादीत टाकू नका. लिंक कमेंटमध्ये मागू नका, नाव सांगितलंय, शोधा थोडं. आता चौकोनही येत नाहीत.